रोज बायबल वाचल्याने विश्वासात नेमके काय घडते? वाचताना काहीच वाटत नसेल तरी वाचत राहावे का?

तुम्ही लिहिले आहे की, बायबल पहिल्या पानापासून वाचण्याचा प्रयत्न तुम्ही अनेकदा केला, उत्पत्ती आणि निर्गम ही पुस्तके उत्साहाने वाचून झाली, पण लेवीय या तिसऱ्या पुस्तकापाशी वाचन दर वेळी थांबले. रोज वाचणाऱ्यांना त्यातून खरोखर काही मिळते की ती केवळ सवय असते, हेही तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात राहतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होतो, थोडी कोरडवाहू शेती आहे, आणि आमच्या घरी रात्रीच्या जेवणानंतर बायबल वाचण्याची रीत वडिलांच्या काळापासून चालत आली आहे. त्या अनुभवाच्या आधारे उत्तर देतो.

बायबल रोज वाचावे आणि क्रमाने वाचावे, असे माझे ठाम मत आहे. आवडीची वचने शोधून वाचणारा माणूस बहुधा स्वतःच्याच मनाचे बोल ऐकत राहतो; क्रमाने वाचणाऱ्याला मात्र त्या ग्रंथाला जे सांगायचे आहे ते ऐकून घ्यावे लागते, मग ते त्या दिवशी त्याला हवे असो वा नसो. विश्वास वाढतो तो माझ्या मते या ऐकून घेण्यातून.

तुम्ही जेथे थांबता त्या लेवीयाचेच उदाहरण घेऊ. या पुस्तकाचे २७ अध्याय आहेत. पहिल्या सात अध्यायांत अर्पणांचे नियम आहेत, पुढे शुद्ध-अशुद्ध प्राणी आणि त्वचारोग यांचे नियम आहेत, आणि ते वाचताना लक्ष उडते यात काहीही नवल नाही. पण तेथे पुस्तक मिटणाऱ्याला १९ वा आणि २५ वा अध्याय भेटतच नाही. शेताची कापणी करताना कडेकोपऱ्यांतले पीक कापून नेऊ नये, खाली पडलेले वेचू नये, ते गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्यावे. मजुराची मजुरी रात्रभर, सकाळपर्यंत आपल्यापाशी ठेवू नये. वजनमापात लबाडी करू नये, असे १९ वा अध्याय सांगतो. आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करावी, ही आज्ञा पुष्कळ लोकांना केवळ येशूची वाटते. पण येशूने ती याच अध्यायातून घेतली आहे. २५ व्या अध्यायात पन्नासाव्या वर्षाचा, म्हणजे योबेल वर्षाचा नियम आहे. जमीन परमेश्वराची आहे, म्हणून ती कायमची विकता येत नाही, आणि गरिबीपायी ज्याने ती विकली त्याच्याकडे ती त्या वर्षी परत यावी. तसेच कंगाल झालेल्या भावाकडून व्याज घेऊ नये. कापसाच्या काट्यावर उभे राहून वजनाचा आकडा पाहणाऱ्या, सावकाराकडे सातबारा अडकवून बसलेल्या आणि हप्त्याच्या शेवटी मजुरीची वाट पाहणाऱ्या माणसांमध्ये ज्याचे आयुष्य गेले, त्याला हे अध्याय जुने वाटत नाहीत. मला तर ते वर्तमानपत्रापेक्षा जवळचे वाटतात.

लेवीय वाचलेला असला की पुढे रूथचे पुस्तक वेगळेच उमजते. माझ्या आईला अक्षरओळख नव्हती. आमची जमीन तुटपुंजी होती, म्हणून हंगाम सरल्यावर ती गावातल्या इतर बायांबरोबर मोठ्या शेतकऱ्यांच्या वावरात सरवा, म्हणजे कापणीनंतर मागे राहिलेले पीक, वेचायला जात असे. रात्री कंदिलाच्या उजेडात मी वाचायचो आणि ती मांडीवर सूप घेऊन तुरी निवडत बसायची. एखादे वचन माझ्याकडून गळले तर हात न थांबवता म्हणायची, “बाबू, एक सुटलं.” वर्षानुवर्षे ऐकून तिला स्तोत्रेच्या स्तोत्रे पाठ झाली होती. रूथच्या दुसऱ्या अध्यायात मात्र तिचे हात थांबत. शेतमालक बवाज आपल्या गड्यांना सांगतो की, या मवाबी बाईसाठी, म्हणजे परदेशातून आलेल्या रूथसाठी, पेंढ्यांतून काही कणसे मुद्दाम काढून टाका आणि तिला धमकावू नका. तेवढा भाग ती मला पुन्हा वाचायला लावी. कोणत्या वावरात राखणदार अंगावर येतो आणि कोणत्या वावरात तो पाठ फिरवून उभा राहतो, हे तिला ठाऊक होते.

लेवीय माहीत नसेल तर बवाज हा फक्त एक दयाळू श्रीमंत वाटतो. तो माहीत असेल तर दिसते, की गरिबाचा हक्क आधी नियमशास्त्राने ठरवून दिला होता आणि बवाजाने तो हक्क तर मानलाच, वर त्यापलीकडेही तो गेला. ती परकी, विधवा, दुसऱ्याच्या शेतात वाकून वेचणारी बाई पुढे दावीद राजाची पणजी झाली आणि मत्तयाच्या पहिल्या अध्यायातील येशूच्या वंशावळीत तिचे नाव आले. आईने हे कधी शब्दांत मांडले नाही, पण ज्या तारणाऱ्यावर तिचा विश्वास होता तो सरवा वेचणारीच्या कुळातला आहे, हे तिला पक्के माहीत होते. धर्मशिक्षणाच्या कुठल्याही वर्गाने मला इतके शिकवले नाही.

आता वाचताना काहीच न वाटण्याविषयी. माझ्या घरच्या वाचनातील बहुतेक रात्री अशाच गेल्या आहेत, आणि त्यांतली एक येथे सांगण्यासारखी आहे. २०१७ साली विदर्भात गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला, तेव्हाची गोष्ट. पऱ्हाटी बाहेरून हिरवीगार, बोंडे टपोरी, आणि उकलून पाहिले की आत अळी व पिवळट कवडी. वेचायला मजूर लावावे तर मजुरीही निघू नये अशी स्थिती होती. उभ्या पिकात रोटाव्हेटर घालायचा निर्णय घरात ज्या दिवशी झाला, त्या रात्री आमच्या क्रमात १ इतिहासाचा चौथा अध्याय होता. त्या पुस्तकाचे पहिले नऊ अध्याय जवळजवळ सगळे वंशावळींचे आहेत. आज ते सोडून एखादे सांत्वनाचे स्तोत्र वाचावे, असे घरातल्या एकाने सुचवले. मी क्रम सोडला नाही. नावांमागून नावे वाचत गेलो, आणि मध्येच तलम कापड विणणाऱ्यांची घराणी आली, पुढे राजाच्या कामावर असलेले कुंभार आले. वाचन संपले, प्रार्थना झाली, सगळे झोपायला गेले. कोणालाही काही विशेष वाटले नाही, मलाही नाही.

या वंशावळींचे मोल मला नंतर मनन करताना कळले. इतिहासाची ही पुस्तके बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्या लोकांसाठी लिहिली गेली. राज्य गेले होते, मंदिर जळाले होते, शेते उजाड झाली होती. अशा लोकांना प्रथम सांगितले गेले ते हे, की तुम्ही कोणाचे आहात, तुमचे पूर्वज कोण, आणि त्यांत विणकर आणि कुंभारही देवाच्या नोंदीत आहेत. पीक गेलेल्या घरात त्या रात्री हेच वाचले गेले होते, फक्त ते आत उतरायला वेळ लागला. म्हणून वाचताना काय वाटले यावरून वाचनाची परीक्षा करू नये, असे मी तुम्हाला आग्रहाने सांगेन. पेरल्याच्या दुसऱ्या दिवशी कोणी शेतकरी माती उकरून पाहत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे मला कर्तव्य वाटते, कारण आमच्या भागात काही प्रचारक याच्या उलट सांगत फिरतात. रोज बायबल वाचले म्हणून कर्ज फिटत नाही, पाऊस वेळेवर येत नाही आणि दुबार पेरणी टळत नाही. पिता नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर सारखाच पाऊस पाडतो, असे येशूने डोंगरावरील प्रवचनात सांगितले आहे. त्याचा अर्थ असा, की माझ्या वावरावरचा ढग माझ्या भक्तीची पावती नाही आणि कोरडे आभाळ ही शेजाऱ्याच्या पापाची शिक्षाही नाही. जे लोक वचनाच्या बदल्यात भरभराटीचे आश्वासन देतात ते बायबलचा अर्धाच भाग वाचतात. नीतिमान असूनही सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे पुस्तक त्यांनी वाचलेले नसते. ज्याचा शेवट अंधारात होतो ते ८८ वे स्तोत्रही वाचलेले नसते.

क्रमाने वाचणाऱ्याला निराशेचे हे अध्याय टाळता येत नाहीत, आणि आमच्या भागासाठी ते फार मोलाचे आहेत. १ राजे या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात एलीया संदेष्टा एका झुडपाखाली बसून मरण मागतो. आदल्याच अध्यायात त्याने बआल या दैवताच्या ४५० संदेष्ट्यांसमोर एकट्याने देवाची बाजू राखली होती. म्हणजे हा विश्वासात दुबळा माणूस नव्हे. देव त्याला रागावत नाही, त्याच्या विश्वासाविषयी प्रश्न विचारत नाही. देवदूत त्याला स्पर्श करून उठवतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी असते. तो खातो, पितो आणि पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा उठवतो, पुन्हा जेवू घालतो, कारण पुढचा प्रवास लांबचा आहे. बोलणे त्यानंतर, पुष्कळ नंतर.

कर्जापायी जीव दिलेल्या माणसाच्या घरी जाण्याची वेळ विदर्भातल्या खेड्यात कोणावरही येऊ शकते, तशी माझ्यावरही आली आहे. अशा घरी जाताना काय बोलावे हे सुचत नाही, आणि काही विश्वासणारे लोक तेथे आत्महत्या पाप आहे की नाही याची चर्चा करतात, हे ऐकून मला अतिशय दुःख होते. मी व माझी पत्नी भाकरी आणि वरण घेऊन जातो, लहान मुलांना जेवू घालतो, घरातली बाई थोडी झोपेल असे पाहतो. हा धडा आम्हाला एलीयाच्या अध्यायाने दिला. त्या घरी असताना तो मला शोधावा लागला नाही. दर वर्षी-दीड वर्षाने क्रमात येऊन येऊन तो अंगवळणी पडला होता. रोजच्या वाचनातून काय मिळते, या तुमच्या प्रश्नाला माझ्यापाशी असलेले सर्वांत खरे उत्तर हेच आहे.

आता थोडे व्यवहाराचे. आम्ही वापरतो त्या बायबलमध्ये ६६ पुस्तके आणि १,१८९ अध्याय आहेत. कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तके असतात. रोज तीन अध्याय वाचले तर सुमारे तेरा महिन्यांत संपूर्ण वाचन होते, पण हा वेग प्रत्येकाला झेपेलच असे नाही आणि त्याची घाईही नाही. तुम्ही सलग तीनदा लेवीयापाशी अडखळला असाल तर या वेळी मार्कच्या शुभवर्तमानापासून आरंभ करा. त्याचे सोळाच अध्याय आहेत आणि येशू कोण हे आधी कळले की जुना करार कशाकडे पाहून वाचायचा हे समजते. मग लूक, त्यानंतर उत्पत्तीपासून क्रमाने, आणि सोबत रोज एक स्तोत्र, असा क्रम मी अनेकांना सुचवला आहे. लेवीयातील अर्पणांचे अध्याय वाचताना नव्या करारातील इब्री लोकांस लिहिलेले पत्र जोडीला ठेवा. डोळ्यांना त्रास असेल किंवा शेतात काम चालू असेल तर मोबाइलवर मराठी बायबल ऐकताही येते.

पूर्ण ग्रंथ समजल्याशिवाय विश्वास ठेवू नये असे मात्र समजू नका. कवी नारायण वामन टिळकांना १८९३ साली राजनांदगावकडे जाताना रेल्वेत एका मिशनऱ्याने बायबल दिले. ते वाचत वाचत ते डोंगरावरील प्रवचनापर्यंत आले आणि तेथेच गुंतले. पुढे १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. मत्तयाचे पाच ते सात हे तीन अध्याय एवढे करू शकतात. उरलेले अध्याय वाचायचे ते ज्याच्यावर विश्वास ठेवला त्याला अधिक ओळखण्यासाठी.

काही भाग मला अजूनही जड जातात. यहोशवामधील नगरांचा संहार, शास्ते या पुस्तकाचा १९ वा अध्याय, हे वाचून शांत झोप लागू नये असेच ते आहेत. अशा ठिकाणी मी समासात पेन्सिलने खूण करतो आणि आमचे पाळक महिन्यातून एकदा गावी येतात तेव्हा त्यांच्यापुढे ठेवतो. सगळ्यांचे समाधान होते असे नाही. यवतमाळला १९५३ पासून १९८३ मध्ये पुण्याला जाईपर्यंत युनियन बिब्लिकल सेमिनरी ही ख्रिस्ती धर्मशिक्षण देणारी संस्था होती, आणि तेथील विद्यार्थी आमच्या वस्तीत येत तेव्हा वडील त्यांच्यापुढेही असेच प्रश्न ठेवत. एका विद्यार्थ्याने त्यांना सांगितले होते, की न समजलेले वचन ख्रिस्ताच्या वधस्तंभाजवळ नेऊन पुन्हा वाचावे. मी तसेच करतो, आणि तुम्हीही तसे करून पाहावे असे सुचवतो.

शेवटचे एवढेच, की शक्य असेल तर एकट्याने मनात वाचू नका. घरातल्या कोणाला तरी जवळ बसवून मोठ्याने वाचा, मग ते माणूस वयाने लहान असो, म्हातारे असो किंवा निरक्षर असो. तुमच्या घरी दुसरे कोणी विश्वासात नसेल तर मंडळीतल्या एखाद्याशी फोनवर ठरवून दोघांनी एकच अध्याय त्याच रात्री वाचावा आणि रविवारच्या उपासनेनंतर त्यावर बोलावे. आमच्या तालुक्यातली कितीतरी तरुण मुले कामासाठी पुण्याला आणि नागपूरला गेली आहेत, आणि त्यांतली काही आपल्या आईवडिलांबरोबर असेच वाचतात.