नेदरलँड्समध्ये दीड वर्षाच्या मुलाला सायकलच्या चाइल्ड सीटवर बसवलं की पाच-दहा मिनिटांत रडायला लागतो. त्याला आरामात कसं न्यावं?

आम्ही आइंडहोवनला राहतो. पाळणाघर, बाजार, डॉक्टर, सगळं सायकलवरच, त्यामुळे ही रडारड चांगलीच ओळखीची आहे.

पेडल तुम्ही मारता, म्हणून पाच मिनिटांत तुमचं अंग गरम होतं. तो नुसता बसलेला, तोही पट्ट्यांनी बांधलेला. तुमचा वेग ताशी १५ किमी आणि समोरून २५ किमीचं वारं असेल, तर त्याच्या तोंडावर ४० चा झोत येतो. इथे तसं वारं काही नवलाचं नाही. तेव्हा 'मला तर थंडी वाजत नाहीये' हा हिशेब त्याला लावू नका.

पण म्हणून फुगीर जाड जॅकेटही चढवू नका. पट्टा वरून घट्ट दिसतो, आत जॅकेट दबतं आणि मूल सैलच राहतं. शिवाय कॉलर हनुवटीखाली गोळा होते, त्याने मुलं भयंकर वैतागतात. अंगावर दोन-तीन पातळ थर, त्यावर पट्टा, आणि पट्ट्याच्या वरून पाँचो किंवा पांघरूण. त्याची टोकं मात्र नीट खोचा, लोंबून चाकात जाता कामा नयेत. बसल्यावर पँट वर सरकते आणि मोजा नि पँट यांच्यामध्ये चार बोटं पाय उघडा पडतो. संध्याकाळी तिथे लाल झालेलं दिसलं तर रडण्याचं कारण ते असू शकतं. गुडघ्यापर्यंतचे मोजे घाला. हातमोजे तो काढून फेकत असेल, तर मोठ्या माणसाचा लोकरीचा जुना पायमोजा हातात थेट कोपरापर्यंत चढवा, तो इतक्या सहज ओढता येत नाही. थंडी वाजतेय का हे बघायचं तर मानेमागे बोट घालून बघा. हात तर गार असणारच.

आता हेल्मेट. इथे सक्ती नाही, डच आईबाप बहुतेक मुलांना घालतही नाहीत, मी मुलाला घालतो. पण ते मागून गोल फुगलेलं असेल तर सीटच्या उंच पाठीला टेकतं, डोकं पुढे ढकललं जातं आणि हेल्मेट डोळ्यांवर येतं. मूल मागे रेलूच शकत नाही. घरीच त्याला सीटमध्ये हेल्मेटसकट बसवा आणि बाजूने बघा: हनुवटी छातीकडे झुकलेली असेल तर हेल्मेट बदला. मागून सपाट असलेली लहान मुलांची हेल्मेट मिळतात. खाली पातळ टोपी चालते. गावाहून आजीने पाठवलेली लोकरीची माकडटोपी कितीही गोड दिसली तरी तिथे नको, हेल्मेट बसतच नाही.

सीट पुढची की मागची? या वयाला माझं मत पुढचीला. ती साधारण १५ किलोपर्यंत चालते, मूल तुमच्या दोन हातांमध्ये असतं, बदकं, बोटी, क्रेन सगळं त्याला दिसतं आणि बोलता येतं. वाऱ्यासाठी पारदर्शक काच मिळते, ती लावाच. मागच्या सीटवरून (बहुतेक २२ किलोपर्यंत) त्याला फक्त तुमची पाठ दिसते. त्यात तुम्ही पाठीवर सॅक अडकवली असेल तर ती प्रत्येक खड्ड्यात त्याच्या तोंडावर आपटते. सॅक बाजूच्या पिशवीत टाका.

पाय लोंबकळत असतील तर मुंग्या येतात. पावलांचा आधार इतका वर घ्या की मांड्या सीटला टेकतील, आणि पावलांचे पट्टे कधीही उघडे सोडू नका. चाकाच्या आऱ्यांत पाय जाणं हा इथला नेहमीचा अपघात आहे. मागच्या सीटवर आणखी एक धोका म्हणजे तुमच्या सीटखालच्या स्प्रिंगा. त्याची बोटं तिथे सहज पोचतात, स्प्रिंगांवर झाकण बसवून घ्या. आठ वर्षांखालच्या मुलाला पाठ, हात आणि पाय यांना पुरेसा आधार असलेल्या जागेवरच बसवायचं, असा इथला कायदाही आहे.

विटांच्या रस्त्यांवर दगडासारखं टणक टायर म्हणजे पोराला सतत दणके. टायरच्या कडेवर किमान-कमाल दाब छापलेला असतो, कमालपर्यंत हवा भरायची काही गरज नाही. मागची सीट घ्यायची असेल तर सायकलच्या दांड्याला जोडलेल्या दोन लोखंडी सळ्यांवर बसणारी घ्या. त्या सळ्या लवचिक असतात. थेट कॅरिअरवर ठोकलेली सीट जास्त आदळते.

झोपेच्या वेळी शक्यतो निघू नका. पुढच्या सीटवर झोपला की मान कुठेही लोंबते. हँडलवर बसवायची फोमची उशी मिळते, नाहीतर थांबून कडेवर घ्या. खाऊ निघायच्या आधी द्या, चालत्या सायकलवर द्राक्षं-बिस्किटं नकोत, घशात अडकलं तर मागे बसलेला तुम्हाला दिसणारही नाही. आणि स्टँडवर उभ्या सायकलवर त्याला बसवून क्षणभरही हात सोडू नका. सामान आधी चढवा, मूल शेवटी. उतरवताना मूल आधी.

सिग्नलला थांबलं की रडणं वेगळं, तो निव्वळ कंटाळा. तिथे बडबडगीत म्हणा, लाज सोडून.

तुमची सीट पुढची आहे की मागची आणि रडणं निघाल्याबरोबर सुरू होतं की थोड्या वेळाने, हे खाली लिहिलंत तर नेमकं सांगता येईल.