आईला आगरात जाऊ द्यायचं की नाही?

पावसाळा तोंडावर आला की एक प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. विचारणारे बहुतेक मुंबई-पुण्यातले, आई किंवा वडील इकडे कोकणात. "पडली म्हणजे काय करायचं? त्यापेक्षा घरातच बसवून ठेवलेली बरी ना?"

गुहागरकडच्या एका घरातली हकिगत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. आई पंचाहत्तरी ओलांडलेली. मागच्या पाखाडीवर, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेवर, घसरली, मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण मुलानं आगर, म्हणजे नारळी-पोफळीची वाडी, बंद केलं, विहीर बंद केली, कामाला बाई ठेवली. आईची खुर्ची ओटीवर, उठायचं तर हाक मारायची. दोन-अडीच महिन्यांत आईला हात टेकल्याशिवाय खुर्चीतून उठता येईना. मुलगा मला म्हणाला, "बघा, म्हणूनच तिला सोडवत नाही."

अहो, ती उठेनाशी झाली ती बसवून ठेवल्यामुळेच! म्हातारपणी मांड्यांची ताकद वापरली नाही की भराभर जाते, आणि तोल सावरतात ते हेच स्नायू. पडण्याची भीती, म्हणून कमी हालचाल, म्हणून आणखी अशक्तपणा, म्हणून पुन्हा पडणं, हे चक्र अभ्यासकांना चांगलं ठाऊक आहे. अमेरिकेतल्या डॉ. मेरी टिनेटी आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये या भीतीसाठी प्रश्नावलीच तयार केली. अंघोळ, कपाटातली वस्तू काढणं, दार उघडायला जाणं अशी दहा साधी कामं, आणि प्रत्येक काम न पडता जमेल याची किती खात्री वाटते, एवढंच विचारायचं.

मी तसंच विचारत गेले. स्वयंपाक? "जमतो की." अंथरुणातून उठणं? "हो." अंघोळ म्हटल्यावर आजी गप्प. मुलाला मी चहा सांगायला पाठवलं.

"न्हाणीत दोनदा घसरल्ये गो बाई, मनगटाच्या आधी. कोणाला बोलल्ये नाही. बोलल्ये असते तर मुंबईला नेऊन ब्लॉकमध्ये बसवलं असतं."

भीती पडण्याची नव्हतीच, मुंबईची होती. बंदी घातली की म्हातारी माणसं पडायची थांबत नाहीत, सांगायची थांबतात. मग न्हाणीतला बुळबुळीत चिरा कोणाला कळणार?

मुलाशी बोलणं जड गेलं. घाबरलेला माणूस आकडे ऐकत नाही, तरी त्याला ते हवे होते. कॉक्रेन ही वैद्यकीय संशोधन एकत्र तपासणारी संस्था. तिच्या २०१९ च्या आढाव्यात शंभरावर चाचण्या एकत्र पाहिल्या, त्यात तेवीस हजारांहून जास्त ज्येष्ठ होते. तोल आणि ताकदीच्या व्यायामासह एकूण व्यायामानं पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटलं. "म्हणजे तरीही पडू शकते," तो म्हणाला. हो, पडू शकते. शून्य करायचं तर माणूस खाटेला बांधावा लागेल, आणि त्यानंही शून्य होत नाही.

आधी डॉक्टरांकडे पाठवलं. रक्तदाब झोपून आणि उभं राहून, दोन्ही वेळा मोजला. उभं राहिल्यावर तो बराच उतरत होता. झोपेची गोळीही चालू होती. दोन्हींनी तोल जाऊ शकतो. गोळ्यांचं काय करायचं ते डॉक्टरांनी ठरवलं, हे घरच्या घरी करायचं काम नव्हे. फिजिओथेरपिस्टनं खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं आणि कट्ट्याला धरून टाचा उचलणं शिकवलं. न्हाणीत धरायला दांडी बसली, पाखाडीचं शेवाळ खरवडून एका बाजूनं लोखंडी कठडा आला. दुहेरी भिंगाचा चष्मा पायऱ्या उतरताना फसवतो, म्हणून चालायला दूरचा वेगळा चष्मा.

आगराचं मात्र भांडणच झालं. शेवटी ठरलं ते असं: पाऊस पडत असताना आणि झावळ्यांचा सडा पडलेला असताना जायचं नाही, एरवी जायचं. आणि पडली, नुसता तोल गेला, तरी सांगायचं. मुलानं त्यावर "मुंबई" हा शब्द काढायचा नाही.

गणपतीला तो आला तेव्हा आईनं आपण होऊन सांगितलं, पडवीत पाय अडकला होता. दारात पाय पुसायला टाकलेलं गोणपाट दुमडलं होतं. त्यानं ते उचलून टाकलं. चांगलं गोणपाट फुकट घालवलंन, हे आजींचं म्हणणं अजून आहे.