‘तिथे शिकवत काहीच नाहीत हो!’

अडीच वर्षांच्या मुलीचे आईबाबा माझ्याकडे समुपदेशनासाठी आले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) आईच्या मोबाईलवर नर्सरीच्या कॅमेऱ्याचं चित्रण होतं. ‘हे बघा, ही एकटीच कोपऱ्यात बसलीय, आणि ताईंचं लक्षच नाही.’ बाबांनी सोबत फाइल आणली होती. ओळखीतल्या एका मुलाच्या नर्सरीतल्या वर्कशीट्स होत्या त्यात. ‘तो शंभरपर्यंत आकडे म्हणतो. आमच्या इथे शिकवत काहीच नाहीत हो, नुसतं खेळवतात.’ तिसरी तक्रार आजींची. पोर घरी आली की बूट काढता काढताच भोकाड पसरते, म्हणजे तिथे नक्की कुणीतरी मारत असणार.

नर्सरी बदलायची की नाही, एवढंच त्यांना माझ्याकडून ऐकायचं होतं.

मी आधी आजींची तक्रार हातात घेतली. अंगावर कारण न सांगता येणारे वळ किंवा खुणा? एखाद्या ठरावीक माणसाचं नाव काढलं की घाबरणं? कपडे बदलताना नव्यानेच अंग चोरणं? झोप अचानक बिघडणं? न सांगता गेलात तर आत घेतात का? यातलं काही असेल तर समुपदेशकाच्या तारखेची वाट बघत बसायचं नसतं. मुलीला तिथून आधी काढायचं, डॉक्टरांना दाखवायचं, चौकशी मग. इथे तसं काही नव्हतं. दार त्यांना कधीही उघडं होतं.

मग ते घरी आल्यावरचं रडणं? लहान मूल दिवसभर बाहेर स्वतःला सावरून धरतं. खेळणं दुसऱ्याला देतं, आपली पाळी येईपर्यंत थांबतं, अनोळखी आवाज सोसतं. आई दिसली की तो सगळा बांध फुटतो. जिथे फुटला तरी चालेल, तिथेच तो फुटतो. हे ऐकून आईचा चेहरा सैलावला, बाबांचा नाही. त्यांना अजून शंभरपर्यंतच्या आकड्यांचं उत्तर मिळालं नव्हतं.

उत्तर देण्याऐवजी मी आईला एक काम दिलं. मोबाईल बाजूला ठेवायचा, नर्सरीच्या बाईंची परवानगी घेऊन एक सकाळ वर्गात बसायचं आणि भिंतीवरची चित्रं, खेळणी, तक्ते यांतलं काहीही बघायचं नाही. फक्त हात धुणं, कपडे बदलणं, शूला नेणं, झोपवणं एवढंच बघायचं. त्या वेळी कोण काय बोलतं ते कानांनी टिपायचं. त्यांच्या कॅमेऱ्यात आवाज नव्हता, आणि या वयात सांभाळ कसा चाललाय ते बरंचसं आवाजातच कळतं.

बुडापेस्टमध्ये १९४६ साली एमी पिकलर या बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी पालकांविना राहिलेल्या तान्ह्या मुलांसाठी एक घर सुरू केलं. तिथे सगळा भर याच वेळांवर होता. लंगोट बदलताना घाई करायची नाही, काय करतोय ते बाळाला सांगायचं, हात पुढे कर म्हणायचं आणि ते करेपर्यंत थांबायचं. सांभाळणं वेगळं आणि शिकवणं वेगळं अशी वाटणी त्या वयात करताच येत नाही. माझ्याकडे येणाऱ्या पालकांना पटवायला सगळ्यात जड जाते ती हीच गोष्ट.

आई पुढच्या भेटीला वहीच घेऊन आली. रंगकाम संपल्यावरचा हात धुण्याचा प्रसंग तिने शब्दन् शब्द लिहिला होता. ताई बेसिनजवळ गुडघ्यांवर बसली. ‘बाही वर करू या?’ मुलगी थांबली, ताईही थांबली. मग एक हात पुढे आला. ‘पाणी गार!’ ‘हो गं, गारच आहे. निळा रंग कुठे गेला?’ ‘खाली गेला.’ ‘खाली कुठे?’ मुलीने वाकून बेसिनच्या भोकात डोकावून बघितलं. मागे दोन मुलं खोळंबली होती. ताईने त्यांना सांगितलं, ‘हिचं झालं की तू, मग तू.’

मी बाबांना विचारलं, यात किती धडे झाले? त्यांनी मोजले. गार, आत-खाली, रंग पाण्यात मिसळतो, आधी-मग, आपली पाळी. शिवाय मूल बोललं की मोठं माणूस उत्तर देतं, ही देवाणघेवाण. भाषा रुजते ती त्यातून. वर्कशीटवर एवढं मावत नाही. शंभरपर्यंत आकडे पाठ म्हणणाऱ्या अडीच वर्षांच्या मुलाला चार चमचे मोजून द्यायला सांगून बघा.

इथवर नर्सरी उत्तम ठरली असती. पण वहीत पुढे एक नोंद होती, आणि ती आईने सहज लिहिली होती. खेळताना मुलगी घसरून पडली, गुडघ्याला लागलं, तर ती उठून कुणाकडेच गेली नाही. दाराकडे बघत उभी राहिली. चौकशी केल्यावर कळलं की ती जिच्या मागे मागे असायची, ती ताई महिन्यापूर्वी नोकरी सोडून गेली होती. तिच्या आधीचीही गेली होती. पालकांना कळवायची कुणाला गरज वाटली नाही, आणि मुलीला तर कुणी काही सांगितलंच नाही.

मूल नर्सरीत सुखाने राहतं ते तिथल्या एका माणसाच्या भरवशावर. लागलं की कुणाकडे धावायचं हे त्याला ठाऊक असावं लागतं. ते माणूस दर थोड्या महिन्यांनी नाहीसं होत असेल, तर बेसिनजवळचा गोड संवाद चालूच राहतो, पण मूल हळूहळू कुणावर विसंबेनासं होतं. आईबाबांची काळजी खोटी नव्हती. ती अक्षरांवर जाऊन बसली होती, इतकंच.

बाबांसाठी एक आकडाही निघाला. दुपारी एक ताई सुट्टी घ्यायची तेव्हा उरलेल्या एकीकडे सात मुलं असायची. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने मान्य केलेल्या मानकांत १३ ते ३५ महिन्यांच्या मुलांसाठी दर चौघांमागे एक मोठं माणूस सांगितलं आहे. बाबांनी फाइल मिटली आणि दुपारचं वेळापत्रक मागवलं.

आईला मात्र वेगळंच टोचत होतं. ‘मी नोकरी करते म्हणून हे सगळं?’ हा प्रश्न बाबा कधी विचारत नाहीत, हे जाता जाता नोंदवून ठेवते. अमेरिकेत १९९१ मध्ये एक मोठा अभ्यास सुरू झाला. त्यात १,३०० हून जास्त मुलांना जन्मापासून पुढे कितीतरी वर्षं पाहिलं गेलं. बाहेरचा सांभाळ चांगला असेल तर भाषा आणि आकलन थोडं सरस दिसलं, बाहेरचे तास फार असतील तर वागण्याच्या तक्रारी थोड्या जास्त दिसल्या, पण या दोन्हींपेक्षा वजन जास्त होतं ते घरचं वातावरण आणि आईची मुलाला समजून घेण्याची हातोटी यांचं. बाबांची मोजणीही तेवढीच झाली असती तर मला आवडलं असतं.

नर्सरी त्यांनी बदलली नाही. बदलली असती तर मुलीला पुन्हा नवी माणसं. संचालिका बाई आधी फणकारल्या, ‘सगळ्या ताया सगळ्या मुलांच्याच आहेत.’ आईने बेसिनजवळच्या ताईचं कौतुक आधी केलं आणि मागणं नंतर मांडलं, म्हणून बोलणं पुढे सरकलं. सकाळी मुलीला घ्यायला, शूला न्यायला आणि झोपवायला शक्यतो एकच ताई, असं ठरलं. दुपारच्या सुट्टीत संचालिका स्वतः वर्गात बसू लागल्या. घरी बूट काढतानाचं रडणं थांबलं नाही, आटोक्यात आलं. आजींचा संशय अजून पुरता गेलेला नाही.

गेल्या भेटीत समजलं की ही ताईही लग्न ठरल्यामुळे सोडून जाणार आहे. या वेळी ते दोन आठवडे आधी कळलं. आईबाबांनी मागितलं ते एवढंच की नवी ताई आत्तापासून जुनीसोबत यावी आणि जाण्याच्या दिवशी मुलीला ‘मी उद्यापासून येणार नाही’ हे ताईनेच सांगावं. संचालिकांनी ते वर्गातल्या सगळ्या मुलांसाठी मान्य केलं. मुलगी रडेल का, असं आईने विचारलं. रडेल, मी म्हणाले, आणि त्या संध्याकाळी दुसरं काही काम ठेवू नका.