लायब्ररींच्या व्हर्जन पक्क्या बांधाव्यात की नवीन येईल तशा घेत राहाव्यात?

तुमचा तीन-चार जणांचा ओपन सोर्स प्रकल्प नोडमध्ये (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) आहे असं तुम्ही प्रश्नात लिहिलंय, म्हणून त्याच भाषेत सांगतो. लायब्ररी म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड. त्यांच्या व्हर्जन पक्क्या बांधा, पण कायमच्या नको.

मी हर्णैचा. आम्ही दोघं मिळून भरती-ओहोटीच्या वेळा दाखवणारं एक छोटं अ‍ॅप सांभाळतो. एकदा सर्व्हरवर सगळं नव्याने इन्स्टॉल केलं. आमच्या कोडची एक ओळही बदललेली नव्हती. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या तांडेलाचा (होडीच्या म्होरक्याचा) फोन: "तुझ्या अ‍ॅपात आत्ता भरती हाय, नि माझी होडी आंजर्ल्याच्या खाडीत चिखलात बसलीय!" (त्याला भरती कळायला अ‍ॅप लागत नाही, हेही ऐकवलं.) शोधलं तर तारखांची एक लायब्ररी गुपचूप १.४ वरून १.५ झाली होती आणि टाइमझोन न लिहिलेली वेळ आता यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ, आपल्या वेळेच्या मागे) धरत होती. फरक साडेपाच तासांचा. भरती ते ओहोटी साधारण सव्वासहा तास, म्हणजे अ‍ॅप जवळजवळ बरोबर उलटं झालेलं.

दोष माझाच. पॅकेज फाइलमध्ये, म्हणजे कुठल्या लायब्ररी लागतात त्या यादीत, ^१.४.२ लिहिलं होतं. त्या कॅरेटचा (^ या चिन्हाचा) अर्थ १.४.२ पासून २.०.० च्या आतलं काहीही चालेल. (व्हर्जन शून्याने सुरू होत असेल तर तो जास्त कडक असतो, ^०.४.२ हे ०.५.० च्या आधीच थांबतं.) आणि दोघांचे बदल मर्ज (एकत्र) करताना कटकट होते म्हणून लॉक फाइल (नेमक्या कुठल्या व्हर्जन बसल्या त्याची नोंद) मी गिटमधून, म्हणजे कोडचे बदल जपणाऱ्या साधनातून, वगळली होती. ती आधी कमिट करा (गिटमध्ये नोंदवा), आणि सर्व्हरवर 'एनपीएम इन्स्टॉल' नको, 'एनपीएम सीआय' चालवा. एनपीएम म्हणजे नोडच्या लायब्ररी बसवणारं साधन, आणि 'सीआय' लॉक फाइलमधल्याच व्हर्जन बसवतं. लॉक फाइल आणि पॅकेज फाइल जुळत नसतील तर ते सरळ अडून बसतं.

तुमचा प्रकल्प स्वतःच लायब्ररी असेल तर मात्र चालणाऱ्या व्हर्जनची रेंज सैल ठेवा. तुमची लॉक फाइल वापरणाऱ्यापर्यंत पोचत नाही, आणि नेमकी व्हर्जन बांधलीत तर त्याच्याकडे एकाच गोष्टीच्या दोन-दोन प्रती जमतात.

गोठवून विसरलात तरी पंचाईत. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे या जावातल्या नोंदी ठेवणाऱ्या लायब्ररीत सुरक्षेचं भोक सापडलं तेव्हा ती आपल्याकडे आहे हेच कित्येकांना माहीत नव्हतं, दुसऱ्या कुठल्या लायब्ररीच्या पाठीवर बसून आलेली. उलट मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या नव्या व्हर्जनमध्येच चोरदरवाजा निघाला. तिथे घाई करणारे सापडले. म्हणून सुरक्षेची दुरुस्ती आम्ही त्याच दिवशी घेतो, बाकीचं दोन-तीन आठवडे मुरू देतो.

मोठे बदल १ जून ते ३१ जुलै, मासेमारी बंद असताना. होड्या किनाऱ्यावर डागडुजीला, आम्हीही. एका वेळी एकच लायब्ररी, तिचा वेगळा कमिट, आणि टेस्टमध्ये एका ठरावीक दिवसाची भरतीची वेळ आकड्यासकट लिहिलेली.

ती तारखांची लायब्ररी शेवटी काढूनच टाकली. तिच्यातली दोनच फंक्शन्स वापरत होतो, चाळीसेक ओळींत लिहून झाली.