संगणक शंकासमाधान : सुरू होतानाचे पिवळे त्रिकोण

प्रश्न : विंडोज ११ असलेला डेस्कटॉप रोज सकाळी सुरू केला की इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) 'सिस्टिम'खाली पंधरा-वीस पिवळे त्रिकोण दिसतात. बहुतेक नोंदी 'डिस्ट्रिब्युटेडकॉम १००१६' या आहेत, दोन-तीन 'डिस्क १५३' आणि एखादी 'कर्नल-पीएनपी २१९'. संगणक तसा बरा चालतो. १००१६ घालवायला रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंगच्या साठ्यात) बदल करा, असं एका व्हिडिओत सांगितलं आहे. करू का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : करू नका. तुमच्या यादीत ज्या नोंदींची गर्दी आहे त्या निरुपद्रवी आहेत. लक्ष द्यायला हवं ते त्या दोन-तीन १५३कडे.

१००१६चा अर्थ असा : विंडोजचा एक घटक दुसऱ्या घटकाला आधी एका पद्धतीने हाक मारतो, परवानगी नाकारली गेली की दुसऱ्या पद्धतीने मारतो आणि काम होऊन जातं. पहिल्या नकाराची नोंद तेवढी मागे राहते. ही रचना मुद्दाम तशी ठेवली आहे, नोंदीकडे दुर्लक्ष करावं, असं मायक्रोसॉफ्टनेच सांगितलं आहे. अशा व्हिडिओंमध्ये सहसा 'ट्रस्टेडइन्स्टॉलर' या विंडोजच्या राखीव खात्याकडची मालकी स्वतःकडे घेऊन परवानग्या सैल करायला सांगतात. म्हणजे एक ओळ दिसू नये म्हणून सुरक्षेची कडी काढायची. त्यापेक्षा उजव्या बाजूच्या 'क्रिएट कस्टम व्ह्यू'मध्ये जा, 'सिस्टिम' लॉग निवडा, 'वॉर्निंग', 'एरर' आणि 'क्रिटिकल'वर खूण करा आणि आयडीच्या चौकटीत उणे चिन्ह लावून इंग्रजी अंकांत १००१६ लिहा. हे दृश्य जतन केलंत की ती नोंद वगळून बाकीच्या दिसतील.

आता १५३. डिस्ककडे वाचन किंवा लेखन मागितलं, वेळेत उत्तर आलं नाही, म्हणून विंडोजने पुन्हा मागितलं, एवढं ही नोंद सांगते. दुसऱ्या खेपेला काम झालं म्हणून तुम्हाला काही जाणवलं नाही. विंडोज ८पासून ही नोंद दिसू लागली. महिन्यात एखादी आली तर घाबरू नये, पण रोज येत असेल तर डिस्क, केबल किंवा वीजपुरवठा यांपैकी काहीतरी बिघडतंय. सोबत १२९, ५१ किंवा ७ या क्रमांकाच्या नोंदीही आहेत का ते बघा. १२९ म्हणजे डिस्क उत्तर देईना म्हणून तिला रीसेट करावं लागलं. ७ म्हणजे डिस्कवर खराब ब्लॉक सापडला. ५१ कधी कधी पेनड्राइव्ह तसाच उपसून काढल्यानेही येते, म्हणून नोंदीतला डिस्क क्रमांक 'डिस्क मॅनेजमेंट'मधल्या क्रमांकाशी जुळवून नेमकी कोणती डिस्क ते आधी ठरवा.

मग सगळ्यात आधी बॅकअप, दुसऱ्या डिस्कवर. बरेच जण इथे घाईने खराब सेक्टर (डिस्कवरचे साठवणीचे कप्पे) शोधणारं संपूर्ण चेकडिस्क, म्हणजे विंडोजची डिस्क-तपासणी, चालवतात आणि चुकतात. ते पूर्ण डिस्क शेवटपर्यंत वाचत जातं आणि मरणासन्न डिस्क त्या ताणानेच बंद पडू शकते. ते बॅकअपनंतरच.

बॅकअप झाल्यावर डिस्कची तब्येत दाखवणारा क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्राम उघडा. रॉ व्हॅल्यूचे, म्हणजे मूळ मोजणीचे, आकडे सहसा सोळाच्या पद्धतीत दिसतात, ते सेटिंगमधून दशमान करून घ्या. हार्डडिस्क असेल तर चार ओळी पुरेत : ०५, सी५, सी६ आणि सी७. पहिल्या तिन्ही खराब सेक्टरांच्या आहेत. त्यांतला आकडा शून्याच्या वर असून आठवड्यात वाढत असेल तर डिस्क बदला, दुरुस्तीच्या मागे लागू नका. सी५, सी६ शून्य आणि फक्त सी७ वाढत असेल तर डिस्कचा दोष बहुधा नसतो, साटा केबल (डिस्क मदरबोर्डला जोडणारी) खराब किंवा सैल असते. संगणक बंद करून प्लग काढा, नवी केबल लावा, जमल्यास मदरबोर्डवरचं दुसरं पोर्ट वापरा. सी७चा आकडा परत शून्यावर येत नाही. आजचा लिहून ठेवा. आठवड्याने तोच राहिला तर काम झालं.

एनव्हीएमई एसएसडीला (मदरबोर्डवर थेट बसणाऱ्या वेगवान डिस्कला) केबल नसते. तिथे 'मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स' ही ओळ पाहा. ती शून्य असूनही १२९ येत राहिली तर पॉवर प्लॅनच्या प्रगत सेटिंगमध्ये पीसीआय एक्स्प्रेसखालचं 'लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट' ऑफ करा आणि एसएसडीचं फर्मवेअर (तिच्या आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करा.

२१९बद्दल थोडक्यात. ड्रायव्हरची सेवा तयार होण्याआधीच एखाद्या उपकरणाने तो मागितला, की ही नोंद पडते. पेनड्राइव्ह आणि कार्ड रीडर यांच्या बाबतीत नेहमीचंच. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी खूण नसेल आणि उपकरण चालत असेल तर सोडून द्या. पडताळायचंच असेल तर उपकरण काढून 'रीस्टार्ट' करा. 'शट डाउन' करून पुन्हा सुरू केल्याने भागत नाही, कारण फास्ट स्टार्टअप चालू असताना विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, तो हायबरनेट होतो.

प्रश्न : दुकानातला संगणक सुरू केला की 'कर्नल-पॉवर ४१' अशी 'क्रिटिकल' नोंद दिसते. वीज जाते हे खरं, पण यूपीएस आहे.
– एक वाचक, परभणी

उत्तर : ४१ ही नोंद पुढच्या वेळी संगणक सुरू होताना लिहिली जाते, त्यामुळे तिच्यावरची वेळ बिघाडाची नसते. जवळच ६००८ असेल, त्यात बंद पडल्याची वेळ मिळते. ती वीज गेल्याच्या वेळेशी जुळवा. मग ४१च्या 'डिटेल्स'मध्ये 'बगचेककोड' पाहा. शून्य नसेल तर निळा पडदा आला होता, म्हणजे विंडोज कोसळलं होतं. तो आकडा दशमानात असतो, सोळाच्या पद्धतीत बदलून शोधा. उदाहरणार्थ १५९ म्हणजे ९एफ, ड्रायव्हर वीज-बचतीतून नीट बाहेर आला नाही. कोड शून्य, पण 'पॉवरबटनटाइमस्टॅम्प' शून्य नसेल तर कोणीतरी बटण दाबून धरलं होतं. दोन्ही शून्य असतील तर बहुतेक वेळा वीज तुटलेली असते. मग काम जतन करून, संगणक चालू असताना यूपीएसचा भिंतीवरचा स्विच बंद करून बघा. संगणक लगेच बंद पडला तर यूपीएसची बॅटरी गेली आहे. लहान यूपीएसमध्ये ती सहसा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची असते. बॅटरी ठीक निघाली तर संशय एसएमपीएसवर, म्हणजे संगणकाच्या आतल्या वीजपुरवठ्याच्या डब्यावर.

प्रश्न : नोंदींच्या तारखा मधेच काही वर्षं मागच्या दिसतात.
– एक वाचक, मडगाव

उत्तर : मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला आहे. प्लग चालू असेपर्यंत एसएमपीएस घड्याळाला वीज पुरवतो, म्हणून रात्री मुख्य स्विच बंद केला तरच तारीख मागे जाते. सेल ३ व्होल्टचा हवा, अधिक बाजू वर. बदलण्याआधी बायोसच्या (विंडोजआधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगच्या) सगळ्या पडद्यांचे मोबाइलवर फोटो काढा, विशेषतः साटा मोड (डिस्कशी बोलण्याची पद्धत) आणि बूट क्रम यांचे. सेल काढल्यावर ही सेटिंग मूळपदावर जाऊ शकतात आणि साटा मोड बदलला तर विंडोज सुरूच होत नाही.