रोलओव्हरचा चेक परत आला, आठ महिने तसाच पडून आहे, पैसे बुडाले का?

तुम्ही लिहिलंय की अमेरिकेत नोकरी बदलली, जुन्या ४०१-केचे (नोकरीतल्या निवृत्ती खात्याचे) पैसे आयआरएमध्ये (स्वतः उघडलेल्या निवृत्ती खात्यात) टाकायला, म्हणजे रोलओव्हर करायला सांगितले, आयआरए कंपनीने चेक घेतलाच नाही आणि आता तो आठ महिने घरात पडून आहे. पैसे बुडालेले नाहीत, पण आता एक दिवससुद्धा घालवू नका.

आधी तो चेक काढा आणि कोणाच्या नावाने आहे ते बघा, पुढचं सगळं त्यावरच आहे. आयआरए कंपनीचं नाव आणि पुढे 'एफबीओ' (म्हणजे 'यांच्यासाठी') करून तुमचं नाव असेल तर तो डायरेक्ट रोलओव्हर, त्यात टॅक्स कापलेला नसतो, तो स्वतःच्या बँक खात्यात टाकायच्या भानगडीत पडू नका. माझा असाच होता. जुन्या प्लॅनमध्ये माझं माहेरचं नाव, मधे बाबांचं नाव, आणि आयआरए लग्नानंतर उघडलेलं, म्हणजे मधे नवऱ्याचं नाव आणि आडनावही वेगळं. आपल्याकडे हे कोणालाही कळतं, तिकडे मात्र ही दोन वेगळी माणसं आहेत असं समजून चेक परत पाठवला, तोही आमच्या जुन्या अपार्टमेंटच्या पत्त्यावर! हातात आला तेव्हा सहा महिने उलटून गेले होते, आणि त्यानंतर चेक वटवायला बँक बांधील नसते. मग जुन्या प्लॅनला फोन करून 'स्टॉप पेमेंट आणि रीइश्यू' (जुना चेक रद्द करून नवा) मागितलं, लग्नाचं सर्टिफिकेट पाठवलं, आयआरए कंपनीकडून लेटर ऑफ ॲक्सेप्टन्स (पैसे घ्यायला तयार असल्याचं पत्र) घेतलं आणि नव्या चेकवर खातं नंबर टाकूनच मागवला. तीन आठवडे रोज फोन, पण झालं काम.

चेक थेट तुमच्या नावाने असेल तर जरा अवघड आहे. त्यातून २० टक्के आधीच कापलेले असतात, म्हणजे २४,००० डॉलर असतील तर हातात १९,२००, आणि पैसे मिळाल्यापासून ६० दिवसांत रोलओव्हर करायचा असतो, पूर्ण करायचा तर वरचे ४,८०० खिशातून घालायचे, कापलेले पैसे टॅक्स रिटर्न भरताना हिशोबात धरले जातात. चेक वटवलाच नाही म्हणून टॅक्स लागत नाही असं खूप जणांना वाटतं, मलाही वाटायचं, पण आयआरएसने (अमेरिकेच्या टॅक्स खात्याने) २०१९ मध्येच रूलिंग काढून सांगितलंय की वटवा नाहीतर नका वटवू, चेक मिळाला त्याच वर्षाचं उत्पन्न धरणार. वय साडेएकोणसाठच्या आत असेल तर बहुतेक वेळा वर १० टक्के दंड.

पण ६० दिवस उलटले म्हणून हात टेकू नका. चेक हरवला आणि कधी वटलाच नाही, किंवा बँकेची, पोस्टाची चूक झाली, अशी ठरलेली कारणं आहेत, त्यातलं खरोखर तुम्हाला लागू होत असेल तर आयआरए कंपनीला सेल्फ सर्टिफिकेशनचं (उशिराचं कारण स्वतःच लिहून देण्याचं) पत्र द्यायचं, त्याचा नमुना आयआरएसनेच २०१६ मध्ये दिलाय, फी काही नाही. मात्र अडचण संपल्यापासून ३० दिवसांच्या आत पैसे भरा, आणि परत आलेलं पाकीट, पोस्टाचा शिक्का, पत्रव्यवहार सगळं जपून ठेवा, उद्या चौकशी झाली तर तेच दाखवावं लागेल.

आणि जुना चेक फाडू नका हं, माझ्याकडे रीइश्यूच्या वेळी त्याचा नंबर आणि तारीख दोन्ही विचारलं होतं.