झरमॅटचा नाताळ १६ लाखांत बसत नाही

प्रश्न: आम्ही पुण्यात बाणेरला राहतो. माझे मिस्टर (४४) आयटीत नोकरीला आहेत, माझं (४२) स्वतःचं फिजिओथेरपी क्लिनिक आहे. मुलगी आठवीत, मुलगा चौथीत. दोघांचे मिळून महिन्याला २ लाख ६० हजार हातात येतात. घराचा हप्ता ६८ हजार, एसआयपी ४५ हजार, घरखर्च आणि शाळा मिळून १ लाख ५ हजार. अडीअडचणीसाठी एफडीत ६ लाख आहेत आणि मुलीच्या शिक्षणासाठी डेट फंडात ११ लाख. जुलैत ५ लाख बोनस आला. लग्नाला १५ वर्षं होत आहेत, म्हणून २२ ते २९ डिसेंबर २०२५ या आठवड्यात स्वित्झर्लंडमध्ये झरमॅटला स्कीइंगसाठी जायचं मनात आहे. मित्राचं कुटुंबही येणार आहे. चौघांचं पॅकेज १५ लाख ८० हजारांचं आहे. त्यात विमान, फोर स्टार हॉटेल, नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरलेलं आहे. १ लाख भरून जागा धरली आहे, १५ सप्टेंबरपर्यंत रद्द केलं तर २५ हजार कापले जातील. बोनसचे ५, एफडीतले ४ आणि डेट फंडातले ७ लाख असे पैसे उभे करायचा विचार आहे. आमच्यापैकी कुणीही आजवर स्कीइंग केलेलं नाही. हा निर्णय बरोबर आहे का?

उत्तर: झरमॅटला जरूर जा, पण या नाताळात नको. २५ हजार सोडून द्या आणि जानेवारी २०२७ डोळ्यांसमोर ठेवा. असं का म्हणतो ते सविस्तर सांगतो, कारण तुम्ही जमवलेला १६ लाखांचा आकडाच मुळात अपुरा आहे.

पॅकेजमध्ये काय आहे ते तुम्ही नीट लिहिलंत. काय नाही ते बघू. स्कीइंगला जाऊन ज्या गोष्टींवाचून पाऊलही टाकता येत नाही, त्या सगळ्या बाहेर आहेत. लिफ्टचा पास, प्रशिक्षण, स्की, बूट आणि हेल्मेटचं भाडं, डोंगरावरचं दुपारचं जेवण. स्विस फ्रँक ११० रुपयांच्या आसपास धरू. मोठ्या माणसाचा पास हंगामात दिवसाला शंभर फ्रँकच्या घरात जातो, मुलांना सवलत मिळते. चौघांचे पाच दिवसांचे पास, गटातलं प्रशिक्षण आणि साहित्याचं भाडं मिळून माझा अंदाज ३,७०० फ्रँकचा आहे. डोंगरावरच्या उपाहारगृहात पास्त्याची किंवा रोश्टीची (किसलेल्या बटाट्याचा स्विस पदार्थ) एक ताटली २५ ते ३० फ्रँकना पडते. चौघं रोज तिथे जेवलात की आठवड्याचे आणखी ८०० फ्रँक. हे झाले साधारण ५ लाख रुपये. व्हिसा मोठ्यांना ९० युरो, सहा पूर्ण पण बारा पूर्ण न झालेल्या मुलांना ४५. तुमची मुलगी बारा पूर्ण असेल तर तिचे पूर्ण पैसे लागतील. सेवाशुल्क धरून साधारण ४० हजार. विमा २५ हजार, चौघांचे थंडीचे कपडे ७० हजार. म्हणजे सहलीचा खरा खर्च २२ लाखांवर जातो.

त्यावर टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच आगाऊ घेतला जाणारा कर. २०२५-२६ या आर्थिक वर्षात परदेशी सहलीच्या पॅकेजवर १० लाखांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढच्या रकमेवर २० टक्के टीसीएस कापला जातो. पूर्ण पॅकेज एकाच्याच पॅनवर घेतलंत तर ५० हजार अधिक १ लाख १६ हजार, असे १ लाख ६६ हजार आधी भरावे लागतील. हा खर्च नव्हे, तो तुमच्या आयकरात वळता होतो. ते पॅन यजमानांचं असेल आणि त्यांनी कंपनीला फॉर्म १२बीएए दिला तर उरलेल्या महिन्यांच्या टीडीएसमधूनच तो भरून निघतो, परताव्याची वाट बघावी लागत नाही. तरी निघण्याआधी खिशात पावणेचोवीस लाख असायला हवेत, आणि तुम्ही १६ जमवले आहेत. उरलेले पावणेआठ कुठून येतील? बहुतेक घरांत ते क्रेडिट कार्डावर जातात आणि मग पर्सनल लोनमध्ये. १२ टक्क्यांनी पावणेआठ लाखांचं तीन वर्षांचं कर्ज काढलं तर हप्ता पावणेसव्वीस हजार बसतो. तुमच्याकडे सगळं जाऊन महिन्याला ४२ हजार उरतात.

आता तुम्ही कुठून पैसे काढताय ते. एफडीतले ६ लाख म्हणजे तुमच्या घराचे साडेतीन महिने, कारण हप्ता धरून महिन्याचा खर्च १ लाख ७३ हजार आहे. एक पगार आयटीतला, दुसरी मिळकत क्लिनिकची, म्हणजे तुम्ही काम केलंत तरच येणारी. अशा घराला सहा महिन्यांचे, १० लाखांच्या वर हाताशी हवेत. ते आधीच कमी आहेत आणि त्यातले चार काढले तर उरतात दोन. मुलीच्या फंडातले ७ लाख आज हलवले नाहीत आणि ७ टक्क्यांनी वाढले, तर पाच वर्षांनी पावणेदहा लाखांच्या पुढे जातात, आणि पाच वर्षांनी ती नेमकी कॉलेजच्या दारात असेल. त्यातून एप्रिल २०२३ नंतर घेतलेली युनिटं असली तर नफ्यावर तुमच्या स्लॅबनुसार कर. या फंडाला हात लावू नका. सहल पुढे ढकलता येते, बारावीचा निकाल ढकलता येत नाही.

पण मला पैशाहून मोठी वाटणारी गोष्ट वेगळी आहे. झरमॅट इतकं महाग का, हे समजून घ्या. गाव १,६०० मीटरवर, पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांना बंदी. गाडी खाली टेश गावात ठेवून आगगाडीने वर जायचं. गावातून लिफ्टने चढत गेलं की मॅटरहॉर्न ग्लेशियर पॅराडाइज ३,८८३ मीटरवर. खालच्या उंचीवरच्या गावांत डिसेंबरात बर्फाची चिंता असते, इथे हिमनदीवर उन्हाळ्यातही स्कीइंग चालतं. डोंगर ओलांडून पलीकडे इटलीतल्या चेर्विनियाला स्कीवरून उतरता येतं, दोन्ही मिळून सुमारे ३६० किलोमीटरचे उतार. समोर ४,४७८ मीटरचा मॅटरहॉर्न. ज्याला स्कीइंग येतं त्याच्यासाठी यातला फ्रँक न् फ्रँक वसूल आहे.

तुम्ही चौघं नवशिके आहात. नवशिक्याचा पहिला आठवडा कसा जातो ते सांगतो. बूट इतके ताठ की घोटा वाकत नाही, स्की खांद्यावर घेऊन शंभर पावलं चाललं तरी दम लागतो. पहिला दिवस जमिनीलगतच्या सरकत्या पट्ट्यावरून पन्नास-साठ मीटर वर जायचं आणि स्कीची टोकं जवळ, मागची बाजू फाकवून हळूहळू खाली यायचं. लहान मुलांना प्रशिक्षक या आकाराला ‘पिझ्झा’ म्हणायला शिकवतात. दुसरा दिवस वळायला शिकण्यात, तिसरा पडण्यात आणि अंग दुखण्यात. झरमॅटमध्ये हे सगळं गावाच्या वरच्या सुन्नेगाजवळच्या लाइझे तळ्याकाठच्या छोट्या उतारावर होईल. ३६० किलोमीटरपैकी तुमच्या वाट्याला पाचव्या दिवशी फार तर एखादा सोपा निळा उतार येईल. मुलगा बहुधा तुमच्या पुढे निघून जाईल, मुलं फार पटकन शिकतात. तुमच्यापैकी एकाला दुसऱ्याच दिवशी वाटू शकतं की हे आपल्यासाठी नाही. तेव्हा २२ लाखांच्या सहलीत ते तोंडातून काढायचीही चोरी होते. पोहायला शिकायला कुणी इंग्लिश खाडीवर जात नाही, तसंच हे.

म्हणून आधी गुलमर्गला जा. २,६५० मीटरवरचं ते कुरण नवशिक्यांसाठी उत्तम आहे, स्थानिक प्रशिक्षक आणि भाड्याचं साहित्य सहज मिळतं, आणि पहिले तीन-चार दिवस गोंडोलाने (केबल कारने) वर अफरवत डोंगरावर जायची गरजच नसते. जानेवारी २०२४ मध्ये तिथे महिनाभर जवळपास बर्फच नव्हता, तेव्हा फेब्रुवारी धरा आणि बर्फाची बातमी घेऊन, रद्द करता येतील अशीच तिकिटं काढा. काश्मीरबद्दल घरात धास्ती असली तर हट्ट नको, हिमाचलात सोलंगला दोन-तीन दिवस काढले तरी उद्देश साधतो. चौघांना दोन लाखांत हे बसायला हवं. ते बोनसमधून खुशाल खर्च करा, लग्नाचा पंधरावा वाढदिवस कोरडा जाऊ नये. परतल्यावर चौघांपैकी किती जणांना पुन्हा बर्फावर उभं राहायचंय हे कळेल, आणि झरमॅटचं बजेट त्यावर ठरेल.

जानेवारी २०२७ का? नाताळ-नववर्षाचा आठवडा आल्प्समध्ये सर्वांत महाग, आणि चांगली हॉटेलं तेव्हा सात रात्रींचं बंधनही घालतात. युरोपातल्या शाळा सुरू झाल्या की साधारण ८ जानेवारीपासून महिनाअखेरपर्यंत भाव उतरतात, उतारांवर गर्दी कमी असते, बर्फ उलट चांगला असतो. फेब्रुवारीत सुट्ट्या लागल्या की पुन्हा चढतात. तुमची मुलगी तेव्हा नववीत असेल. एक आठवड्याची रजा नववीत मिळते, पुढच्या वर्षी दहावी असल्याने तुम्हीच घेणार नाही. फार लांबवूनही उपयोग नाही, कारण दहा वर्षांपूर्वी फ्रँक ६५ रुपयांच्या आसपास होता. तिथली महागाई नगण्य असली तरी रुपयात तुमची सहल वर्षाला पाच टक्क्यांनी महागत जाते.

हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेला फ्लॅट घ्या. गावात कोऑप आणि मिग्रो दोन्ही दुकानं आहेत. तांदूळ, दही, भाज्या, अंडी सगळं मिळतं. मसाले आणि मेतकूट घरून न्या. दिवसभर बर्फात पडून आल्यावर मुलांना गरम वरणभातच हवा असतो. पास पाच दिवसांचा संपूर्ण क्षेत्राचा घेऊ नका, नवशिक्यांच्या भागाचं तिकीट घ्या. एक दिवस स्की बाजूला ठेवून गॉर्नरग्राटच्या दंतचक्री रेल्वेने वर जा. १८९८ पासून ती ३,०८९ मीटरवर नेते. उतरताना रोटनबोडनला उतरून रीफेलबर्गपर्यंत लाकडी घसरगाडीवरून खाली या. माझा अंदाज असा की मुलं स्कीइंगपेक्षा याचीच आठवण जास्त काढतील. मुंबई-झुरिच तिकिटं २ लाख ६० हजार, सात रात्रींचा फ्लॅट अडीच लाखांच्या आत, रेल्वे १ लाख, स्कीइंगचं सगळं पावणेतीन लाख, जेवणखाण १ लाख, व्हिसा-विमा-कपडे १ लाख १० हजार. ११ लाखांच्या आत बसतं. फ्रँक वाढला तर हाताशी असावेत म्हणून साडेअकरा धरा.

ते असे जमतील. बोनसमधले गुलमर्गनंतर उरणारे ३ लाख एफडीत. ऑक्टोबरपासून दरमहा ३५ हजार आरडीत, पंधरा महिन्यांत सव्वापाच लाख. पुढच्या जुलैच्या बोनसमधले ३ लाख, आणि उरलेले २ अडचणीच्या एफडीत. व्याज धरून साडेअकरा पूर्ण होतात. यात शेअर बाजार कुठेही नाही, दीड वर्षाच्या पैशाला तो नकोच. बोनस बुडाला तर सहल आणखी एक वर्ष पुढे ढकलू नका, साधी करा. टेशमध्ये राहून रोज बारा मिनिटांची आगगाडी पकडली तरी मॅटरहॉर्न तोच दिसतो.

विमान आणि फ्लॅट तुम्ही वेगवेगळे, स्वतः काढलेत तर ते पॅकेजच्या व्याख्येत येत नाही, त्यामुळे पॅकेजवरचा टीसीएस लागत नाही. तेव्हाचा नियम मात्र एकदा पाहून घ्या. फ्रँक फॉरेक्स कार्डावर थोडे थोडे करून भरा. क्रेडिट कार्डावर बँका साडेतीन टक्क्यांपर्यंत मार्कअप आणि वर जीएसटी लावतात. दुकानातलं यंत्र ‘रुपयात घ्यायचे का?’ विचारेल, तेव्हा फ्रँकच निवडा.

विम्याबद्दल शेवटचं, आणि हे खास तुमच्यासाठी. शेंगेन व्हिसाला ३० हजार युरोचं वैद्यकीय संरक्षण लागतं म्हणून सगळे स्वस्तातली पॉलिसी घेतात, आणि तिच्यात अनेकदा हिवाळी खेळ वगळलेले असतात. पॉलिसीचा मजकूर वाचा. स्कीइंग, उतारावरून बर्फगाडीने केलेली सुटका आणि हेलिकॉप्टर, तिन्ही लेखी हवेत. झरमॅटच्या डोंगरांत हेलिकॉप्टर एअर झरमॅटचं येतं आणि त्याचं बिल हजारो फ्रँकचं असतं. स्कीइंगमध्ये सर्वाधिक दुखतो तो गुडघा, तुम्हाला मी सांगायला नको. पण हातातल्या काठीसकट पडल्यावर अंगठ्याचा अस्थिबंध फाटतो, त्याला ‘स्कीयर्स थंब’ असंच नाव आहे, आणि तुमची मिळकत तुमच्या अंगठ्यांवर चालते. काठीचे पट्टे मनगटात अडकवू नका. जायच्या आधी स्वतःच्या नावावर वैयक्तिक अपघात विमा घ्या. त्यात काम बंद पडल्यास दर आठवड्याला भरपाई देणारं कलम असावं आणि तो परदेशातल्या हिवाळी खेळांनाही लागू असावा. तुमची सध्याची आरोग्य पॉलिसी हे काम करणार नाही.

पॅकेज रद्द करायचं पत्र १५ सप्टेंबरच्या आत ईमेलने पाठवा, फोनवर भागवू नका. ७५ हजार किती दिवसांत आणि कोणत्या खात्यात येतील ते उत्तरात लिहून मागा. त्या १ लाखावर टीसीएस कापला असेल तर त्याचं काय करणार हेही विचारा. मित्राला आजच सांगा, म्हणजे त्यालाही खोली बदलायला वेळ मिळेल.